नोकरी सांभाळून पाळक होता येतं का?



'मंडळी' हा शब्द आमच्यात दोन अर्थांनी चालतो. जमलेली माणसं म्हणजे मंडळी, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चलाही मंडळीच म्हणतो. "तुमची मंडळी कुठली?" असं आमच्यात कुणी विचारलं, तर बायकोचं माहेर विचारलेलं नसतं, चर्च विचारलेलं असतं. तेव्हा आज मी मंडळीबद्दल मंडळींशी बोलतोय.

मी बेळगावचा. बी. कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. इथे लोक जुने वाडे, शाळा, गणेशोत्सव, आजीच्या हातचं जेवण यांवर लिहितात, मी आवडीने वाचतो. माझा विषय जरा वेगळा आहे, पण तुम्हाला अगदीच परका वाटू नये. गणपतीच्या दिवशी सकाळी भटजी मिळवताना तुमची काय तारांबळ उडते ते मी शेजारी बसून पन्नास वर्षं पाहिलंय. आमच्याकडे तीच अडचण बारा महिने आहे.

गोष्ट अशी. माझा पुतण्या त्रेचाळीस वर्षांचा आहे. वीज खात्यात कनिष्ठ अभियंता. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. झाड पडलं, तार तुटली की रात्री दोन वाजताही त्याचा फोन वाजतो. हा मुलगा गेली पाच वर्षं घरी राहून ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकतोय. पहाटे साडेचारला उठतो, सव्वासहापर्यंत वाचतो, मग दूध, मुलांचे डबे, ड्यूटी. सुट्ट्या साठवतो आणि संपर्कवर्गाला जातो. त्याला पाळक म्हणून दीक्षा हवी आहे, पण निवृत्तीपर्यंत नोकरी सोडायची नाही. पगार नोकरीचा घ्यायचा, सेवा मंडळीची करायची.

यावर आमच्याकडे दोन तट पडलेत. आमची मंडळी कुठल्या पंथाची आणि कुठल्या गल्लीतली हे मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या सकाळी माझा फोन थांबायचा नाही. एवढं सांगतो की आम्ही जेमतेम साठ घरं आहोत, पूर्णवेळ पाळक आम्हाला परवडत नाही, म्हणून एक पाळकसाहेब तीन ठिकाणी वाटून दिलेत. प्रभुभोजनाचा रविवार कधी हे त्यांच्या मोटारसायकलवर अवलंबून असतं. आणि तरीही समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "अर्धवेळ पाळक म्हणजे अर्धाच पाळक." लोक हसले. वाक्य टाळीचं होतं. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगायचं आहे.

आधी माझ्या धंद्यातलं सांगतो. आमच्या वेळी बँकेत वर चढायचं तर सीएआयआयबी ही परीक्षा असायची. दोन भाग. दिवसभर काउंटर, संध्याकाळी कॅश जुळवायची, एखादा रुपया लागला नाही तर आठ वाजायचे, आणि मग घरी येऊन टॅननचं जाडजूड पुस्तक उघडायचं. मी पहिला भाग एका खेड्यातल्या शाखेत असताना दिला. तिथे वीज यायची तेव्हा यायची. कुणीही आम्हाला म्हटलं नाही की नोकरी सोडा, चार वर्षं वसतिगृहात राहा, मगच तुम्ही खरे बँकर. उलट बँक म्हणायची, नोकरीत राहूनच शिका. आणि पास झालात तर पगारवाढ द्यायची.

त्याचा फायदा काय होता? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१. त्यात रीतसर पैसे चुकते करणं म्हणजे काय याची व्याख्या आहे. सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता दिलेले पैसे. कॉलेजात हे पाठ केलेलं होतं. पण सकाळी एक म्हातारा थरथरत्या सहीचा चेक घेऊन समोर उभा राहिला, सही नमुन्याशी जुळेना, आणि त्याच रात्री ते कलम पुन्हा वाचलं, तेव्हा ते डोक्यात बसलं ते कायमचं. पुस्तक आणि काउंटर एकाच दिवसात एकमेकांना भेटले पाहिजेत. वसतिगृहात राहून शिकणाऱ्याच्या वाट्याला हे रोज येत नाही.

आता कुणी म्हणेल, बँक वेगळी, देवाचं काम वेगळं. बरं, मग पवित्र शास्त्राकडेच जाऊ. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात पौल करिंथला येतो तेव्हा कुठे उतरतो? अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच, राहुट्या करण्याचा. दिवसा सुई-दोरा, शब्बाथाला सभास्थान. नव्या करारातली निम्म्याच्या आसपास पुस्तकं ज्याच्या नावावर आहेत तो माणूस हातावर पोट भरत होता. आणि गंमत म्हणजे, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तोच ठणकावून सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्याने त्यावर पोट भरणं हा त्याचा हक्क आहे, मी तो वापरत नाही एवढंच. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. पुढे मला दोन्ही लागणार आहेत.

नंतरच्या इतिहासातही हे काही नवीन नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली यांच्या चळवळीत दीक्षा न घेतलेली साधी माणसं उपदेश करू लागली. वेस्ली स्वतः ऑक्सफर्डचे, दीक्षित पुरोहित. थॉमस मॅक्सफील्ड नावाचा त्यांचा मदतनीस लंडनमध्ये परस्पर उपदेश करतोय हे कळल्यावर ते संतापून परत आले. त्यांच्या आईने, सुझाना वेस्ली यांनी, त्यांना थोपवलं आणि सांगितलं की आधी त्याचं ऐक, मग ठरव. त्यांनी ऐकलं आणि परवानगी दिली. पण परवानगी देऊन सोडून दिलं नाही. आपल्या उपदेशकांनी दिवसाला पाच तास तरी वाचलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, आणि वाचायची गोडी लागत नसेल तर खुशाल आपल्या जुन्या धंद्याला परत जा, असंही ते सुनावत. त्यांच्यासाठी वेस्लींनी पन्नास खंडांची ग्रंथमाला काढली. लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी केलेला फ्रान्सिस ॲसबरी याच मुशीतून तयार झाला आणि अमेरिकेत बिशप झाला.

प्रभुभोजन देण्याचा अधिकार मात्र वेस्लींनी या साध्या उपदेशकांना दिला नव्हता. तिथे ते कडक होते. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर तिकडच्या लोकांना बाप्तिस्मा द्यायला, भाकर मोडायला दीक्षित माणूस मिळेना, तेव्हा १७८४ साली, स्वतः बिशप नसताना, त्यांनी दोघांना दीक्षा देऊन पाठवलं. सख्ख्या भावाला ते रुचलं नाही. पण लोक उपाशी आणि भांडार कुलूपबंद, हे त्यांना बघवलं नाही.

१८१६ साली अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी तर उपदेशकांसाठी अभ्यासक्रमच ठरवून दिला. घोड्यावरून गावोगाव फिरा, सेवा करा, आणि नेमलेली पुस्तकं वाचून परीक्षा द्या. त्यांच्या सेमिनऱ्या नंतर आल्या. म्हणजे काम करता करता शिकणं ही पळवाट नव्हती, तोच मूळ रस्ता होता. हे आपल्याला लांबचं वाटायला नको. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम ज्यांच्या हाती गेलं ते हेच अमेरिकन मेथडिस्ट. आपल्या शहरातल्या कितीतरी जणांचे, फक्त ख्रिस्त्यांचेच नव्हे, आजोबा त्यांच्या शाळेत शिकले.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण त्यात हिशेब आहे. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा छोटा देश आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६२च्या सुमारास पंचवीस वर्षांचा ताळेबंद मांडला. दोनशेहून जास्त विद्यार्थी आत आले होते. प्रत्यक्ष पाळक म्हणून काम करणारे किती उरले होते? दहा. बँकेत असतो तर मी त्या खात्याला काय म्हटलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खेड्यातली तरणी पोरं राजधानीत शिकायला यायची आणि परत जायची नाहीत. गावात ज्यांचं सगळे ऐकत, ती प्रपंचातली, शेतीवाडीतली प्रौढ माणसं शिकायला येऊच शकत नव्हती. मग त्यांनी उलटा विचार केला. माणूस सेमिनरीकडे येत नसेल तर सेमिनरी माणसाकडे नेऊ. आधी राजधानी सोडून सान फेलिपे या गावी गेले, मग १९६३ पासून वेगवेगळ्या ठिकाणी आठवड्याला एकदा शिक्षक भेटायचा आणि बाकी अभ्यास घरी, अशी पद्धत बसवली. ती जगभर पसरली. आपल्याकडे १९७१ साली बेंगळुरूला याच पद्धतीची संस्था निघाली, टॅफ्टी नावाची. भारतीय भाषांतही तिचे अभ्यासक्रम आहेत. आणि सेरामपूर, जिथे विल्यम केरींनी १८१८ साली कॉलेज काढलं आणि ज्याला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली, त्या सेरामपूरच्या सिनेटचेही नोकरदार विश्वासणाऱ्यांसाठी घरबसल्या करायचे अभ्यासक्रम आहेत. त्यामुळे सोय नाही असं कुणी म्हणू नये.

पण हे शिकून नक्की होतं काय, हा खरा प्रश्न. देवावर प्रेम आहे, प्रार्थना येते, बोलता येतं, मग ग्रीक, इतिहास, टीकाग्रंथ कशाला? असं म्हणणारेही समितीत आहेत. म्हणजे एक गट म्हणतो हा पुरेसा शिकलेला नाही, दुसरा म्हणतो शिकायचं कशाला. दोघांना मिळून एकच उत्तर देतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा खानापूर रस्त्यावर मोटारसायकलवरून गेला. एकुलता एक. पाळकसाहेब त्या दिवशी दुसऱ्या गावी लग्न लावत होते. बाहेरगावचे एक उपदेशक पाहुणे म्हणून आले होते, ते घरी आले. आवाज मोठा, पाठांतर दांडगं. त्यांनी आईसमोर उभं राहून सांगितलं की कुटुंबाच्या विश्वासात कुठेतरी उणीव राहिली असेल, प्रत्येकाने स्वतःला तपासावं. मी तिथे होतो. ती बाई रडायची थांबली. नुसती बघत राहिली.

माझा पुतण्याही तिथे होता. तो काही बोलला नाही. जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसला. दफन झालं, लोक पांगले, हा रोज ड्यूटीवरून सुटल्यावर जायचा, अर्धा तास बसायचा आणि यायचा. मी विचारलं, "अरे, काही वाचतोस का? प्रार्थना वगैरे?" म्हणाला, "काका, ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी नीट केलं. तोंड उघडलं तिथून त्यांचं चुकत गेलं." आठव्या दिवशी त्याने तिला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. त्याने ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. वर एक वाक्यही जोडलं नाही. ती बाई म्हणाली, "हे पण पवित्र शास्त्रात आहे?" आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली.

आता सांगा, हे त्याला कुणी शिकवलं? प्रेम तर त्या पाहुण्यांकडेही असेल. पण योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? आणि येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. हे ज्याने नीट अभ्यासलंय तो माणूस मेलेल्या पोराच्या आईला हिशेब विचारत नाही. न शिकलेला उत्साह काय करू शकतो ते मी त्या घरात पाहिलं. हल्ली तर दहा द्या आणि शंभर मिळवा असा उपदेश करणारेही फिरतात. मला बँकवाल्याला त्यात चिटफंडाचा वास येतो. पण वास येणं वेगळं आणि वचन उघडून तो अर्थ कसा ओढूनताणून काढलाय हे चारचौघांत दाखवून देणं वेगळं. दुसऱ्यासाठी शिक्षण लागतं.

आणि शिक्षणाची गोडीही असते, ती का सांगू नये? एकदा तो माझ्याकडे चहाला आला आणि 'करार' या शब्दावर बोलायला लागला. बँकवाल्याला करार म्हटलं की स्टॅम्प पेपर दिसतो. दोन पक्ष, दोन सह्या, हमीदार वेगळा. तो म्हणाला, "उत्पत्तीचा पंधरावा अध्याय काढा." तिथे अब्राम जनावरांचे दोन भाग करून समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे मोडला तर आमचं असं होवो, अशी ती जुनी रीत. पण अब्रामाला तर गाढ झोप लागते. त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देव एकटा. "सगळी जबाबदारी एकाच पक्षाने घेतली, काका." मी म्हटलं, म्हणजे कर्ज देणारा आणि हमीदार एकच! तो हसला, म्हणाला, हेच उपदेशात सांगतो. सांगितलंही. माझं नाव न घेता.

इथेच भाषेचा मुद्दा येतो, आणि या जागेवर तो तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटेल. सेमिनरीतली पुस्तकं बहुतेक इंग्रजी. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली, १९८३ साली पुण्याला आली, म्हणजे कायम मराठी मुलखात, पण तिथे देशभरचे विद्यार्थी, त्यामुळे शिकणं-शिकवणं इंग्रजीतच. ते साहजिक आहे. पण मोठ्या शहरात चार वर्षं इंग्रजीत शिकून आलेला हुशार मुलगा साठ घरांच्या सीमाभागातल्या मंडळीत किती वर्षं टिकेल? त्याला मोठ्या चर्चचं बोलावणं येतं, येणारच. मग आमच्याकडे जो येतो त्याला मराठी येतेच असं नाही. कुणी कानडीत बोलतं, कुणी हिंदी-इंग्रजीत. माणसं चांगली असतात, कानडीशी माझं भांडण नाही, माझ्या घरात निम्मं कानडी बोललं जातं. पण आमच्या म्हाताऱ्या बायका 'उपासना संगीत' उघडून टिळकांची भजनं गातात, आणि उपदेश सुरू झाला की पदर डोक्यावर ओढून डुलक्या काढतात.

ज्या गावात हे चाललंय ते गाव कुठलं? बाबा पदमनजींचं. १८३१ साली ते याच बेळगावात जन्मले, इथल्याच मिशन शाळेत शिकले. १८५७ सालचं त्यांचं 'यमुनापर्यटन' हे अनेकांच्या मते मराठीतली पहिली कादंबरी. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी इंग्लंडातून आलेले फादर स्टीफन्स गोव्यात मराठी शिकले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, ओवीत, कारण लोकांच्या कानाला ओवी ओळखीची होती. परक्या माणसाने मराठी शिकून आम्हाला सांगितलं, आणि आमच्या माणसाला मराठीत सांगायची संधी द्यायला आमची समिती का-कू करतेय. माझा पुतण्या इंग्रजीत वाचतो, टिपणं मराठीत काढतो आणि तारेवर चढणाऱ्या लाइनमनला समजेल अशा भाषेत बोलतो. तो इथून कुठे जाणार नाही. बदली झालीच तर फार तर चिकोडीला होईल.

विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मी नाकारत नाही. सेमिनरीत राहण्याला किंमत आहे. सकाळी एकत्र प्रार्थना, एका पंगतीला जेवण, निरनिराळ्या पंथांच्या मुलांशी रात्री एकपर्यंत वाद, चुकलं तर कान धरणारे गुरुजी. घरी टेबलाशी एकटा बसून शिकणाऱ्याला हे मिळत नाही, आणि एकट्याने शिकणाऱ्याला आपलंच खरं वाटायला वेळ लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं नाही की याला सवलत द्या. उलट याची परीक्षा जास्त कडक घ्या. बँकेत एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, दोन सह्यांशिवाय व्हाउचर पुढे जात नाही. तसं दीक्षा दिल्यावर पहिली तीन वर्षं त्याला अनुभवी पाळकाच्या हाताखाली ठेवा. त्याचे उपदेश ऐका. पैशांना हात लावू देऊ नका, हिशेब खजिनदाराकडेच राहू दे. हे मी सख्ख्या पुतण्याबद्दल लिहितोय, त्याला वाचून दाखवून.

वेळेचा आक्षेपही खरा आहे. रात्री दोनला तार तुटली आणि रात्री दोनलाच कुणी शेवटच्या घटका मोजतंय, तर तो कुठे जाणार? तारेकडे. जायलाच हवं, तो सरकारी नोकर आहे. म्हणून तो एकटा पुरणार नाही. असे दोघे-तिघे तयार करावे लागतील. आमच्यातली एक नर्स आहे, पन्नाशीला आलेली, तिचा पदविकेचा अभ्यास सुरू आहे. माणसं मरताना तिने जितकी पाहिलीत तितकी कुठल्याही पाळकाने पाहिली नसतील. तिचं नाव समितीसमोर अजून आलेलं नाही. यायला हवं.

आणि घरच्यांचं काय? कॅथलिक चर्चमध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर विवाहित पुरुषांना कायमचे डीकन होता येऊ लागलं. त्यांच्या नियमात मला आवडलेली गोष्ट म्हणजे वय किमान पस्तीस हवं, आणि बायकोची संमती हवी. नुसती माहिती नव्हे, संमती. आमच्याकडे असा कागद कुणी मागत नाही. मागावा. पाच वर्षं पहाटेचा स्वयंपाक एकटीने उरकला तो आमच्या सूनबाईने. तिची स्वतःची शाळेची नोकरी आहे. परवा मी तिला स्पष्ट विचारलं, "तुला हे चालणार आहे का?" ती म्हणाली, "काका, रविवार तर गेलाच आहे. शनिवार संध्याकाळ तेवढी माझी, हे समितीकडून लिहून घ्या." लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असं म्हटलंय. खर्चाचा अंदाज त्या घरात तिनेच घेतलेला दिसतो.

राहिला पैसा. सगळ्यात घाणेरडी गोष्ट इथे होऊ शकते, म्हणून बजावतो. "हा तर फुकटात मिळतोय, मग पाळकसाहेबांचा वाटा कशाला भरायचा?" असं पुटपुटणारे दोघे मी ऐकलेत. मघाशी पौलाची दुसरी गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं ती याचसाठी. हक्क सोडायचा तो ज्याचा त्याने. दुसऱ्याने त्याचा हक्क सोडून देऊ नये. पूर्णवेळ पाळकाचा पगार एक रुपयाने कमी होता कामा नये, आणि पुतण्याला पगार नको असला तरी पुस्तकं, फी, संपर्कवर्गाचा प्रवास, पेट्रोल हे मंडळीने द्यायलाच हवं. माझी निवृत्तिवेतनातली पुस्तकांपुरती रक्कम मी बाजूला काढली आहे. पण एका काकाने भागवलं की मंडळी मोकळी होते, म्हणून ती मंडळीच्या खात्यात पावती घेऊनच जाईल.

समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. मला बोलायला दहा मिनिटं दिलीत. नर्सबाईंना मी सोबत यायला सांगितलंय. पुतण्या येणार नाही, त्याची त्या दिवशी ड्यूटी आहे.